टाळ्या वाजवल्या, चेक नाही फाडला

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस परत आणली, फक्त १०० गाड्या, किंमत ४९.९९ लाख एक्स शोरूम, आणि बुकिंग उघडलं तसं संपलं पण. त्याआधी मे महिन्यात फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आली होती, जवळपास ५३ लाख, तिचाही पहिला लॉट लगेच गेला. ओळखीतली सगळी गाडीवेडी मंडळी खूश, म्हणे बघा, आपल्याकडे चालवायची मजा कळणारं गिऱ्हाईक आहे, कंपन्यांनाच कळत नाही. मला मात्र ती बातमी वाचून चिडचिड झाली. कारण ऑक्टोबर २०१८ मध्ये टाटाने टियागो जेटीपी आणली होती, ६.३९ लाखाला, १.२ लिटर टर्बो पेट्रोल, ११४ पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), वजन एक टनाच्या आसपास, शून्य ते शंभर साधारण दहा सेकंदांत, टाटा आणि कोइम्बतूरची जेयम या दोघांनी मिळून केलेली. आणि ती कोणी घेतली? आपण नाही घेतली. मी पण नाही घेतली, ते पुढे सांगतो. प्रदूषणाचे बीएस सिक्स नियम आले आणि गाडी गुपचूप बंद झाली.

म्हणजे पन्नास लाखाची शंभर माणसं मिनिटांत मिळतात आणि साडेसहा लाखाची पुरेशी मिळत नाहीत. हा मार्केट असल्याचा पुरावा नाही, हा मार्केट कुठे नाही त्याचा पुरावा आहे.

परवडणारी परफॉर्मन्स गाडी म्हणजे काय ते आधी बोलून घेऊ, कारण इथे प्रत्येक जण आपापल्या पगाराप्रमाणे बोलतो. माझ्या लेखी तिची व्याख्या किमतीची नाहीये. घरात एकच गाडी असेल आणि तीच गाडी सोमवारी ऑफिसला, शनिवारी डी-मार्टला, मे महिन्यात पाच माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन कोकणातून घरी येईल, आणि रविवारी सकाळी सहाला ताम्हिणीत एकटं जावंसं वाटेल अशी असेल, तर ती. गोल्फ जीटीआय मुळात हेच होतं हो. १९७६ साली जर्मनीत ती आली तेव्हा १.६ चं इंजिन, ११० हॉर्सपॉवर आणि वजन आजच्या वॅगनआरच्या आसपास, नोकरदार माणसाची एकुलती एक गाडी. तीच गोष्ट आपल्याकडे येताना बंगल्यातली तिसरी गाडी होऊन येते, आणि आपण तिचं स्वागत करतो की बघा आलं हॉट हॅचबॅक.

आपल्याकडे कधी नव्हतंच असंही नाही. माझ्या वयाच्या लोकांना फियाट पालिओ १.६ आठवत असेल, २००१ ची, कुर्ल्याच्या प्लांटमधून निघायची, जाहिरातीत सचिन तेंडुलकर, १०० हॉर्सपॉवर आणि दरवाजा लावला की तिजोरी लावल्यासारखा आवाज. त्याच्याही आधी फोर्ड आयकॉन १.६, जिला जोश मशीन म्हणायचे, आणि नंतर फिएस्टा १.६ एस. ह्या गाड्यांची एकच तक्रार गल्लोगल्ली ऐकलीय, पेट्रोल पिते. पालिओ १.६ तर बदनामच झाली, कोणी काका लोकांना विचारलं घेऊ का तर पहिलं वाक्य ठरलेलं, अरे ती घेतलीस तर पगार पंपावर नेऊन दे. चालवलेल्या माणसाला कोणी विचारायचं नाही, न चालवलेला शेजारी सल्ला द्यायचा, तो अजूनही देतो.

मग २००६ चं बजेट आलं. चार मीटरपेक्षा छोटी गाडी, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत, असं असेल तर एक्साइज कमी, १६ टक्के. या एका ओळीने आपल्या गाड्यांचा आकारच बदलला, डिक्की कापलेल्या सेडान आल्या, स्विफ्टचं १.३ इंजिन जाऊन २०१० मध्ये १.२ आलं, आणि साध्या १.६ पेट्रोल इंजिनाची छोटी गाडी हा प्रकारच संपला. जीएसटीमध्ये तीच रेघ राहिली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तर ती रेघ नाही, खंदकच झालाय, अलीकडे १८ टक्के आणि पलीकडे ४० टक्के. हिशोब करून बघा. समजा टॅक्सच्या आधी आठ लाखाची एक छोटी हॅचबॅक आहे. १२०० सीसीच्या आत इंजिन असेल तर ९.४४ लाख, तीच गाडी १४०० सीसीची केली तर ११.२० लाख. वर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखापर्यंत ११ टक्के रोड टॅक्स आणि त्याच्यावर १२ टक्के, तो फरक आणखी तीसेक हजार. दोनशे सीसी साठी दोन लाख! फियाटची अबार्थ पुंटो आजच्या दिवसात कोणी आणणारच नाही, आणि ती २०१५ साली रांजणगावात बनत होती, १.४ टर्बो, १४५ हॉर्सपॉवर, ९.९५ लाख. पुण्यापासून तासाभरावर. आज ती रस्त्यात दिसली तर मी वळून बघतो, आणि महिनोन् महिने वळायची वेळ येत नाही.

आता इथपर्यंत आलं की बहुतेक चर्चा थांबते, सरकारने मारलं, संपलं. मला हे पटत नाही. अर्धं खरं आहे, पण अर्धंच. कारण टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा, लावला की १२०० च्या आत सगळं बसतं. जपानमध्ये तर ह्याहून कडक नियम आहे, के-कार म्हणजे आज ६६० सीसी, लांबी रुंदी ठरलेली, आणि त्या चौकटीत सुझुकीने १९८७ साली आल्टो वर्क्स नावाची टर्बोवाली आल्टो काढली, ६४ पीएस, वर्षानुवर्षं लोकांनी घेतली. तीच सुझुकी, तीच आल्टो. नियमाने गाडी छोटी होते, नीरस होत नाही, नीरस तिला गिऱ्हाईक करतं.

आणि आपल्याकडेही कंपन्यांनी त्या चौकटीत बसवून दिल्या ना. बलेनो आरएस, मार्च २०१७, एक लिटर बूस्टरजेट, १०२ पीएस, मागेसुद्धा डिस्क ब्रेक. पोलो १.० टीएसआय, ११० पीएस, सहा गिअरची मॅन्युअल, चाकणला बनायची. आय२० एन लाइन, २०२१, १२० पीएस. टियागो जेटीपी वर सांगितलीच. अल्ट्रोझ रेसर, जून २०२४, साडेनऊ लाखाला १२० पीएस. ह्या सगळ्या गाड्या छोट्या गाडीच्याच टॅक्समध्ये होत्या, टॅक्सने ह्यांचं काहीच बिघडवलं नव्हतं. बलेनो आरएस तीन वर्षांत गेली, जेटीपी दोनेक वर्षांत गेली, पोलो २०२२ मध्ये गेली आणि गेल्यावर सगळ्यांनी अश्रू ढाळले, स्टेटस ठेवले, लेजेंड म्हणाले. मी अशा एकाला विचारलं होतं, तू का नाही घेतलीस रे पोलो? म्हणाला मागची सीट लहान आहे. बरोबरच आहे, लहान होती. मग रडतोस कशाला.

आता माझी कबुली. २०१९ मध्ये मी जेटीपीची टेस्ट ड्राइव्ह घेतली होती, दुसऱ्या गिअरमध्ये टर्बो लागला तेव्हा हसू आलं, खरंच मोठ्याने हसू आलं, बाजूला बसलेला शोरूमचा मुलगा पण हसला. घरी आलो, आईचे गुडघे आठवले, बाबांनी विचारलं क्लिअरन्स किती, बायकोने काही विचारलं नाही पण तिच्या न विचारण्यात सगळं होतं. पंधरा दिवसांनी आम्ही एक कॉम्पॅक्ट एसयूव्ही बुक केली. चांगली गाडी आहे, तक्रार नाही. पण त्या पंधरा दिवसांत जे मी केलं तेच देशभर इतर लोकांनी केलं आणि मग आम्ही सगळे मिळून विचारतो की कंपन्या आमच्यासाठी काही बनवत का नाहीत. आईचे गुडघे खोटे नव्हते. पण गुडघ्यांच्या नावावर आपण किती काय खपवतो हेही मला माहितीय, आई वर्षातून चार वेळा त्या गाडीत बसते.

पुढे २०२१ मध्ये शेवटी एक जुनी टर्बो हॅचबॅक घेतलीच, सेकंड ओनर म्हणून. कुठली ते सांगत नाही, उगाच त्या कंपनीला बोल लागायला नको, दोष तिचा नव्हता. गाडी चकाचक, पासिंग पुण्याचं, सर्व्हिसचं बुक व्यवस्थित. आधीच्या मालकाने ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, ताकद वाढवायला रिमॅप केला होता हे त्याने सांगितलं नाही, विकताना परत स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी, करून दिली, पण क्लच तर स्टॉक होऊन परत येत नाही ना. तीन महिन्यात चढावर क्लच घसरायला लागला, आरपीएम वर आणि गाडी तिथेच, जिथे दाखवली त्या मिस्त्रीने वास घेऊनच सांगितलं, साहेब ही कोणीतरी भरपूर पळवलीय. क्लच, त्याच्याबरोबर बाकीचं, चारही टायर, सगळं मिळून जो आकडा झाला तो ऐकून मी दोन दिवस घरात बोललो नाही. तर जे लोक सांगतात की नवीन घेऊ नका, जुनी परफॉर्मन्स गाडी घ्या, निम्म्या किमतीत दुप्पट मजा, त्यांना माझं म्हणणं आहे की निम्म्या किमतीत गाडी मिळते, तिचे पार्ट पूर्ण किमतीतच मिळतात. जुनी घ्यायचीच असेल तर जेवढ्याला घेताय त्याच्या पावपट रक्कम वेगळी काढून ठेवा आणि ती गेली असं समजा, मग आनंद होतो.

आणि रिमॅपचं म्हणाल तर स्टेज वन, म्हणजे त्याची पहिली पायरी, करतोस का असं आता चहा घेतोस का सारखं विचारतात. गाडीला लॅपटॉप जोडला, अर्ध्या तासात तीस घोडे जास्त. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करायचा नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच परत ठणकावलं. अ‍ॅक्सिडेंट झाला आणि विमा कंपनीने खोदलं तर काय होईल ह्याचा विचार कोणी करत नाही. माझा विरोध कायद्यापेक्षा दुसऱ्या कारणाने आहे. रिमॅपमुळे इंजिन वाढतं, ब्रेक वाढत नाहीत. कंपनी जेव्हा एखाद्या साध्या हॅचबॅकची वेगवान आवृत्ती काढते तेव्हा ती इंजिनासोबत बाकी गोष्टी बदलते, बलेनो आरएसला मागे डिस्क दिले, एन लाइनला दिले, अबार्थला चारही चाकांना होते, जे त्यांच्या साध्या भावंडांना नव्हते, सस्पेन्शन कडक केलं, स्टिअरिंगवर काम केलं. तुम्ही जे जास्तीचे लाख दीड लाख देता ते थांबण्यासाठी देता. पळायला तर लॅपटॉप पुरतो.

इथे एक माणूस उभा राहून म्हणणार की अशा गाड्या हव्यातच कशाला, आपले रस्ते बघा, अ‍ॅक्सिडेंट बघा. आणि पुण्यात बसून हे लिहिताना मी तो प्रश्न टाळू शकत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला पोर्शेने बाइकला उडवलं, दोन तरुण इंजिनिअर गेले, त्यानंतर महिनाभर इथे लाल गाडी दिसली तरी लोक शिव्या घालायचे. मी त्यांना चूक म्हणणार नाही. पण ती गाडी परवडणारी नव्हती, आणि त्या रात्रीचा प्रश्न गाडीच्या ताकदीचा कमी आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या ताकदीचा जास्त होता, कोणाकडे चावी, कोणाचं वय, कोण कोणाला फोन करतं. ११० पीएसच्या हॅचबॅकवर जास्त टॅक्स लावून त्यातलं काही सुटत नाही.

पण आपल्या बाजूची मंडळी पण साळसूद नाहीयेत. वरंध्याच्या, पसरणीच्या घाटात आंधळ्या वळणावर रिळं काढणारे, रात्री साडेबाराला सोसायटीच्या खाली एक्झॉस्टचे फटाके फोडणारे, एक्सप्रेसवेवर १०० ची मर्यादा आहे, घाटात ६० ची आहे आणि कॅमेरे लागलेत तर कॅमेरा कुठे आहे ते पाठ करून मधल्या जागेत पळवणारे, हे सगळे आपलेच. जोपर्यंत आपण ह्यांना आपल्यातला म्हणून लाइक देतो तोपर्यंत काका लोकांनी आपल्याला मवाली म्हटलं तर ऐकून घ्यावं. मला विचाराल तर हलक्या, कमी ताकदीच्या गाडीची मजाच ही की ती साठच्या वेगात पण येते. आंबोलीच्या वळणांवर तिसऱ्या गिअरमध्ये, पाऊस थांबलेला, काचा खाली, काटा ५५ वर आणि तरी तुम्ही पूर्ण जागे. तीनशे घोड्यांच्या गाडीला त्या वेगात झोप येते, मग ती जागी करायला तुम्ही शंभरच्या वर जाता, आणि रस्ता तर तोच असतो, गुरं तीच असतात.

चाकण, रांजणगाव, पिंपरी, नाशिक, शेंद्रा, एवढ्या गाड्या आपण बनवतो, पण सर्किट म्हटलं की तोंडात नाव येतं चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचं कारी, नाहीतर ग्रेटर नोएडाचं बुद्ध. कोल्हापूरला मोहित्यांचा छोटा ट्रॅक आहे, त्या कोल्हापूरकरांचं कौतुकच. पण महिन्यातून एकदा आपली रोजची गाडी नेऊन, दोन हजार भरून, हेल्मेट घालून सकाळभर पळवावी ही सोय पुणे-मुंबई पट्ट्यातल्या माणसाला हाताशी असती तर अर्धे रिळवाले तिकडे गेले असते. उरलेले अर्धे नसते गेले, ते गाडीसाठी करतच नाहीत.

आता आणखी एक गंमत झालीय. नुसता वेग स्वस्त झालाय. महिंद्राची बीई ६, चाकणची, आली तेव्हा १८.९० लाखापासून सुरू, सुरुवातीच्या बॅटरीतच २३१ पीएस, मोठ्या बॅटरीत २८६. शून्य ते शंभर कंपनी ६.७ सेकंद सांगते. म्हणजे दहा वर्षांपूर्वी ज्या आकड्यासाठी तुम्ही जर्मन गाडीचे पोस्टर लावायचात तो आकडा आता हप्त्यावर मिळतो, ५ टक्के जीएसटीत. पेट्रोलमध्ये सुद्धा आज परवडणारी दमदार गाडी बघायला गेलात तर ती हॅचबॅक नाहीये, नाशिकला बनणारी एक्सयूव्ही ३एक्सओ आहे, १.२ टर्बो, १३० पीएस, २३० न्यूटन मीटर, चार मीटरच्या आत, १८ टक्केवाली. ओळखीत एकाकडे आहे, चालवली, पळते झक्कास. पण उंच आहे, जड आहे, वळताना तुम्ही तिच्यावर बसलेले असता, तिच्यात नाही. स्कोडाची कायलॅक त्यातल्या त्यात जवळ जाते, ११५ पीएस आणि सहा गिअरची मॅन्युअल, निदान वळताना अंगात येते.

म्हणून मला वाटतं की परफॉर्मन्सचा आकडाच आपण चुकीचा धरून बसलोय. पीएस किती हे विचारायचे दिवस गेले, वजन किती हे विचारा. सुझुकीने स्विफ्ट स्पोर्ट नावाची गाडी केली, १४० पीएस आणि वजन ९७० किलो. जगभर विकली, आपल्याला कधी दिली नाही, आणि १.४ इंजिन असल्यामुळे दिली असती तरी ती मोठ्या गाडीच्या टॅक्समध्ये गेली असती, म्हणजे हजार किलोच्या आतली, कमी पेट्रोल पिणारी गाडी कायद्याच्या नजरेत मोठी आणि सव्वा टनाच्या वरची, भिंतीसारखी उभी कॉम्पॅक्ट एसयूव्ही कायद्याच्या नजरेत छोटी. ह्याला काही अर्थ आहे का? सीसी आणि लांबी मोजण्यापेक्षा वजन मोजा आणि धूर मोजा. रस्ता वजनाने खराब होतो, समोरची छोटी गाडी वजनाने चेपते, पेट्रोल वजनाला लागतं. टॅक्स बदलायचाच होता तर २०२५ मध्ये संधी होती, दर बदलले आणि रेघ मात्र एकोणीस वर्षांपूर्वीची ठेवली.

पण उद्या ती रेघ पुसली आणि परवा स्विफ्ट स्पोर्ट शोरूमला लागली तरी तेरवा काय होईल मला माहितीय. पहिल्या आठवड्यात शोरूममध्ये गर्दी, सगळे फोटो काढणार, टेस्ट ड्राइव्ह घेणार, हसणार. मग घरी जाऊन हिशोब.

दिवाळीत भाचा आला होता, नोकरी लागून दोन वर्षं झालीत, पहिली गाडी घ्यायचीय, बजेट ऑन रोड बारा. मी सगळं वरचं पुराण त्याला ऐकवलं, त्याने पण सहन केलं, आणि आश्चर्य म्हणजे दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन टर्बो मॅन्युअलची टेस्ट ड्राइव्ह घेऊन आला, चेहरा असा की मला २०१९ आठवलं. म्हणाला मामा, फायनल. मी त्याला टायरचा, विम्याचा, क्लचचा हिशोब कागदावर लिहून दिला. संध्याकाळी ताईचा फोन.

"अरे, तो म्हणतोय ती गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?"

"शहरात बारा-तेरा देईल ताई."

ती थोडा वेळ गप्प. मागे टीव्हीचा आवाज.

"आणि सनरूफ?"